एका वेळी एकच स्क्रू

कारखान्यातून निरोप देताना कापणी मास्तरांनी आत्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि एक वाक्य दिलं. घड्याळ चार महिन्यांत बंद पडलं. ते तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं, साफ केलं आणि चालू करून पुन्हा भिंतीला लावलं. वाक्य मात्र आपोआपच चालू राहिलं. "आता सगळं कॉम्प्युटरवर जाणार, बाई. तुम्हाला ते झेपायचं नाही."

बत्तीस वर्षं ती त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करत आली होती. खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून तिथे तिला सगळे पानेबाई म्हणत. घरी ती आत्या. भावाची मुलगी लग्न होऊन दूर गेली, पण जाताना हे नाव मागे ठेवून गेली, आणि मग सख्खा भाऊसुद्धा तिला आत्याच म्हणू लागला. वन्सं म्हणणारी एकटी वहिनी उरली. घरात माणसं एवढीच: आत्या, बस डेपोत वेळापत्रकं आखता आखता निवृत्त झालेला तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी.

आत्याने लग्न केलं नाही. त्याची कारणं लोकांनी पुष्कळ शोधली, तिने एकही दिलं नाही. अकरा वर्षांची असताना तिने आईचं शिवणयंत्र उघडलं होतं. आईने आधी पाठीत धपाटा घातला आणि मग यंत्र चालवून बघितलं, तर त्याची वर्षानुवर्षांची खडखड गेलेली. आईने चाक आणखी दोनदा फिरवून बघितलं. शेवटी म्हणाली, "आता उघडलंच आहेस तर तेलही घाल." कौतुक म्हणून आत्याच्या वाट्याला जे आलं ते साधारण या जातीचं होतं, आणि तेवढ्यावर ती भागवत आली.

निरोपानंतर वर्षभर ती घरात बसली, म्हणजे खरं तर बसलीच नाही. गळणारे नळ झाले, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या झाल्या, शेजारच्यांचे मिक्सर झाले. मग एक दिवस तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळी विशी-बाविशीची. कोट, सदरे, विजारी यांचे तुकडे कापडावर कसे बसवायचे, की कापड कमीत कमी वाया जाईल, हे कॉम्प्युटरकडून करून घ्यायला तिथे शिकवत. हीच मांडणी मास्तर पूर्वी खडूने आणि अंदाजाने करायचे. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने विचारलं, "आजी, नातवाला सोडायला आलात का?" आत्या पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पुढे तिने कॉम्प्युटर तयार आणला नाही, जोडला. एकेक सुटा भाग बघून, विचारून, हातात घेऊन आणला. दादा रोज संध्याकाळी दारातून बघायचा.

"काय गं, आज काय आणलंस?"

"मेंदू."

"बरं झालं. घरात कमीच होता."

"म्हणूनच आणला. तुला पुरेल एवढा नाही, पण सुरुवात होईल."

कॉम्प्युटरची पेटी ठेवायला तिने आईच्या शिवणयंत्राचं लोखंडी पायठाण काढलं. वरचं यंत्र कधीच झिजून गेलं होतं, पण खालचा सांगाडा अजून दणकट होता. त्यावर फळी टाकून टेबल केलं. पायाने हलवायची जी लोखंडी जाळी असते ती दोन बोल्टांनी पक्की केली आणि तिच्यावर पेटी उभी ठेवली. पेटीच्या तळाशी वीजपुरवठ्याचा डबा होता. त्याचा पंखा खालून हवा ओढतो, आणि जाळी तर सगळी भोकांचीच. "याला म्हणतात बैठक," आत्या म्हणाली. "विकत घेऊन अशी मिळणार नाही." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी ते पायठाण दाखवायची आणि मग कॉम्प्युटर.

ही खोली घरातली सगळ्यात शांत. एका भिंतीला आत्याचं टेबल, दुसऱ्या भिंतीला वहिनीची प्रार्थनेची जागा. तिथे दिवा, पोथी आणि बसायला जाड तपकिरी लोकरीचं आसन. वहिनी सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला तिथे बसे. दोघींनी एकमेकींना जागेवरून कधी बोल लावला नाही. दोन बायकांनी एकाच खोलीत आपापलं काम गुपचूप करावं, यात वहिनीला देवाची कृपा दिसे आणि आत्याला चांगला शेजार दिसे. गोष्ट एकच.

छोट्या शिंप्यांची कामं येऊ लागली, आणि मग एके दिवशी मास्तरांचाच निरोप आला. कारखान्यात मांडणी करणारा माणूस सोडून गेला होता आणि हिवाळ्याच्या कोटांचं मोठं काम समोर होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो, असं त्यांनी कळवलं. समोर बसून सहा मापांच्या कोटांची मांडणी बघेन. जमली तर कारखान्याची मांडणी इथून पुढे तुमच्याकडे, नाही तर शहरातल्या एका कंपनीकडे.

आत्याने निरोप दोनदा वाचला आणि फोन उपडा ठेवला. वहिनीला म्हणाली, "झेपतं का ते बघायला येताहेत."

त्याच आठवड्यात मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, मांडणीचं काम रंगात आलेलं असताना पडदा काळा झाला. पंख्याने एक सुस्कारा टाकला आणि यंत्र गप्प. आत्याने बटण दाबलं, हूं नाही की चूं नाही. पाव तासाने पुन्हा दाबलं, तर साळसूदासारखं चालू. जसं काही घडलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी चारला पुन्हा तेच. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी सकाळीही आणि दुपारीही.

आत्याने शंभर पानी वही काढली. कारखान्यात तिचा एक नियम होता आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तो ऐकावा लागे: एका वेळी एकच स्क्रू. तोच तिने पहिल्या पानावर लिहिला आणि वहिनीला वाचून दाखवला.

"दोन फिरवले आणि यंत्र बरं झालं, तर कुठल्याने झालं ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

"देवाला सांगता येतं, वन्सं," वहिनी वाती वळता वळता म्हणाली. "तो तुम्हाला सांगत नाही, एवढंच."

पहिल्यांदा आत्याने भिंतीतलं सॉकेट बदललं. तरी बंद. मग वायर बदलली. तरी बंद. मेंदूवरचा पंखा काढून त्याखालची, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट पुसली आणि नवी लावली. तरी बंद. स्मृतीच्या दोन पट्ट्या आळीपाळीने काढून बघितल्या. तरीही बंद. प्रत्येक बदलाला तिने एक पूर्ण दिवस दिला आणि वहीत वेळ लिहिली. एक गोष्ट मात्र तिला छळत होती. पेटी टेबलावर घेऊन, झाकण काढून चालवली की ती दिवसभर चाले. झाकण लावून जाळीवर ठेवली की कधी तासाभरात मान टाके, कधी टाकत नसे. म्हणजे झाकणच मुळावर आलंय, असं तिने ठरवलं. दादाचं ड्रिल घेतलं आणि चांगल्या कोऱ्या झाकणाला चाळीस भोकं पाडली.

"चाळणी केलीस की," दादा म्हणाला. "आता धान्य तरी निवडता येईल."

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला यंत्र बंद पडलं, भोकांसकट.

शेवटी दादानेच कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलावलं. दुकानाच्या पाटीवर कॉम्प्युटर क्लिनिक लिहिलेलं, म्हणून गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. डॉक्टर बूट न काढताच आत आला आणि पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मावशी, घरी जोडलेलं यंत्र असंच असतं. एकाचा हात, दुसऱ्याचा पाय. तयार का नाही घेत?"

"तू कुठे तयार आलास? तुलाही घरीच जोडला ना?"

वहिनी आतल्या दारात जोरात खोकली. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्याने बसला. तीन तास बसला. आत्याने मुद्दाम सगळ्यात जड मांडणी लावून दिली. यंत्र एकदाही बंद पडलं नाही.

"यात काही दोष नाही," डॉक्टर उठत म्हणाला.

"दोष आहे. तुझ्यासमोर दिसला नाही."

"मग दुकानात ठेवा दोन दिवस."

ठेवलं. दोन दिवस ते तिथे एकदाही अडखळलं नाही. डॉक्टरने पेटी परत दिली तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. तो आत्याशी बोलला नाही, दादाशी बोलला. "काका, यंत्र धड आहे. मावशींना जरा विश्रांती द्या."

हे शब्द गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. दूधवाला विचारू लागला, औषधाच्या दुकानातली बाई हळू आवाजात विचारू लागली. दादाला माणसांचं बोलणं लागायचं. तो जेवताना म्हणाला, "आत्या, बास झालं आता. मास्तरांना सांगून टाक, जमत नाही म्हणून. त्यांच्यासमोर बंद पडलं तर राहिलीसाहिली अब्रू जाईल. ही पेटी भंगारात देऊ आणि तू आपली सुखाने बस."

आत्याने घास खाली ठेवला. "दादा, मी सुखाने बसले की मला गुडघेदुखी होते. आणि ऐक. यंत्राचा दोष सापडत नाही म्हणून माणसात दोष काढायचा, ही डॉक्टरची रीत. माझी नाही. मास्तर येणार, आणि हेच यंत्र बघणार."

"आणि बंद पडलं तर?"

"अजून चार दिवस आहेत."

त्या दुपारी पेटी जाळीवर ठेवली, काम लावलं, आणि साडेचारला ती बंद पडली. आत्याने वहीत लिहिलं: घरी आल्याबरोबर. 'घरी' या शब्दाखाली तिने रेघ ओढली. दुकानात चालतं, टेबलावर चालतं, डॉक्टर समोर असला की चालतं. म्हणजे दोष पेटीतच असेल असं नाही, घरातही असू शकतो. पण घरात रोज काय होतं ते यंत्राच्या वहीत नव्हतं. ते एका दुसऱ्याच वहीत होतं.

वहिनी रोज लिहायची. कधीपासून ते तिलाही आठवत नसेल. सकाळची प्रार्थना किती वाजता झाली, मन लागलं की नाही, काय शिजवलं, कोण आलं, कुणाच्या दुखण्यासाठी मागणं मागितलं. ती वही कुणी वाचलेली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

बुधवारी सकाळी आत्या म्हणाली, "वहिनी, तुमची वही मला बघायची आहे."

वहिनीचा हात पदराकडे गेला. "बघायला देणार नाही. त्यात माझं आणि त्याचं बोलणं आहे. तुम्ही तारखा सांगा, मी त्यातलं घरचं तेवढं वाचून दाखवते."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. आत्या तारीख आणि वेळ सांगे, वहिनी पान उलटून वाचे. दादा दारातून बघत होता. पाच-सात मिनिटांत त्याच्याने राहवेना. सदतीस वर्षं माणसाने वेळापत्रकं आखलेली. समोर नुसत्या वेळा वाऱ्यावर जाताना बघणं म्हणजे त्याला उतू जाणारं दूध बघण्यासारखं होतं. त्याने मोठा कागद आणला, पट्टी आणली आणि रकाने आखले.

"थांबा. आधी चालू राहिलं ते दिवस सांगा. बंद पडलेल्या गाड्या सगळे मोजतात, वेळेवर आलेली कुणी मोजत नाही."

त्यात शहाणपण होतं. जाळीवर असूनही चालू राहिलेले दिवस पाच निघाले. एक, डॉक्टर आला तो. दुसरा, विजेची जोडणी तपासायला माणसं आली आणि दिवसभर खोलीत वावरली तो. तिसऱ्या दिवशी वहिनी बहिणीकडे गेली होती. उरलेले दोन दिवस तिला ताप होता आणि ती अंथरुणातूनच हात जोडत होती.

दादाने पट्टी खाली ठेवली. रकान्यांकडे बघितलं, मग बायकोकडे.

"परका माणूस घरात असला की चालतं. नाही तर तू प्रार्थनेला बसली नाहीस की चालतं." आणि मग त्याला गंमत सुचली, जी सुचायला नको होती. "तुझ्या देवाला कॉम्प्युटर खपत नाही, दुसरं काय."

वहिनी हसली नाही. तिने वही मिटली आणि बराच वेळ वहीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते आत्याला चेहऱ्यावर वाचता येत होतं. इतकी वर्षं जे बोलणं तिने घराच्या भल्यासाठी केलं, ते घरातल्याच माणसाच्या आड येत असेल तर?

"वन्सं, शनिवार होईपर्यंत मी स्वयंपाकघरात बसते," वहिनी म्हणाली. "तो तिथेही ऐकतो."

"अजिबात नाही."

"पण तुमचं काम..."

"माझं काम यंत्राचं आहे. माझ्या हाताखालून हजारो यंत्रं गेली, वहिनी. एकही नास्तिक नव्हतं आणि एकही भक्त नव्हतं. तुम्ही जागा सोडलीत आणि यंत्र चाललं, तर दोष काय होता ते मला जन्मात कळायचं नाही. वर हा दादा शंभर लोकांना सांगत सुटेल. उद्या तुम्ही रोजच्यासारख्या रोजच्या जागी बसा. मी मागे बसते."

"मागे बसून काय करणार?"

"बघणार."

गुरुवारी साडेनऊला वहिनीने दिवा लावला. आत्याने यंत्रावर जड मांडणी लावली आणि भिंतीला टेकून स्टुलावर बसली. दिव्याची ज्योत, वहिनीचा खालचा आवाज, पंख्याची घरघर. आत्या फारशी देवाला हात जोडणारी नव्हती, पण ती अर्धा तास हलली नाही. बारीक लक्ष देऊन नुसतं बसणं तिला कामानेच शिकवलं होतं, आणि प्रार्थना तरी याहून फार वेगळी असते असं नाही. प्रार्थना संपली. यंत्र चालूच होतं. म्हणजे प्रार्थनेत काही नव्हतं.

वहिनी उठली. आसन उचललं, झटकलं, त्याच्या चार घड्या केल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि ती जाड घडी टेबलाखाली, पायठाणाच्या जाळीखाली, नीट आत सरकवली. जाळी आणि जमीन यांच्यात जेमतेम वीतभर जागा. घडी तिथे मापाने शिवल्यासारखी बसली.

आत्या स्टुलावरून उठली ती सरळ जमिनीवर पालथी झाली. गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ऐकली नाही. गाल फरशीला टेकवून तिने आत बघितलं. काळोखात तपकिरी लोकर जाळीला खालून चिकटून बसली होती, सगळ्या भोकांवर. हवा ओढायचं तोंड बंद.

"वहिनी," ती खालूनच म्हणाली, "हे इथे का ठेवता?"

"मग कुठे ठेवू? या कोटांच्या कामासाठी तुम्ही चाकांची खुर्ची आणलीत, ती खोलीभर फिरायला लागल्यापासून पसरून ठेवता येत नाही. बसायचं आसन ते, त्याच्यावर कुणाचा पाय पडू नये. त्या जाळीखाली कुणाचाच पाय जात नाही."

"आणि परकं कुणी येणार असलं की?"

"आत नेऊन कपाटात ठेवते. लोक बूट घालून येतात, वन्सं."

आत्या तशीच पडून राहिली. तिचे खांदे हलत होते. वहिनी घाबरून खाली वाकली, तर ती हसत होती. गेले अडीच आठवडे तिने भिंतीतल्या सॉकेटपासून मेंदूपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. एका पायठाणावर घेतला नव्हता. ते आईचं होतं, तिने स्वतः निवडलं होतं, आणि आल्या-गेल्याला मिरवून दाखवलं होतं. ज्याचा आपल्याला अभिमान, त्याच्याखाली वाकून कोण बघतं? दर वेळी पेटी उचलून टेबलावर घ्यायची आणि यंत्राच्या पोटात शोधायचं. झाकणाला चाळीस भोकं पाडली, आणि पायाखालची मोजली नाहीत.

वहिनी मात्र खाली फरशीवर बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. "म्हणजे माझ्यामुळेच."

"तुमच्यामुळे सापडलं. तुमची वही नसती तर मी झाकणाला अजून चाळीस भोकं पाडली असती. पण थांबा, अजून सापडलेलं नाही. दोष हवा तेव्हा परत आणता आला, तरच तो सापडला म्हणायचं. उद्या एखादी गोधडी घालून बघते खाली."

वहिनीने डोळे पुसले. "गोधडी कशाला? आसनच घाला."

"देवाचं आसन परीक्षेला लावायचं?"

"गोधडी घातलीत तर तुमच्या वहीत शंका राहील. एका वेळी एकच, तुम्हीच म्हणता. आसनाने काही केलं असेल तर तेही खरं खरं कळू दे. खऱ्याचा त्याला राग येत नाही."

शुक्रवारी आसन खाली ठेवून जड मांडणी लावली. दादा घड्याळ घेऊन बसला. बावन्नाव्या मिनिटाला पडदा काळा झाला, आणि तिघांनाही असा आनंद झाला, की बाहेरून बघणाऱ्याने डॉक्टरलाच बोलावलं असतं. आत्याने वीजपुरवठ्याच्या डब्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता. इतकं तापलं की तो डबा स्वतःच वीज तोडतो आणि निवेपर्यंत हट्टाने सुरू होत नाही. म्हणून तो पाव तासाचा रुसवा. आसन काढलं. यंत्र चार तास चाललं. पुन्हा घातलं, पुन्हा तासाभरात बंद. आत्याने वहीत तिन्ही वेळा लिहिल्या आणि खाली पहिल्यांदाच पूर्णविराम दिला.

संध्याकाळी तिने प्रार्थनेच्या जागेच्या वर, डोक्याच्याही वर, भिंतीला एक फळी ठोकली. आसनाच्या घडीच्या मापाची. वहिनीने आसन ठेवून बघितलं, थोडं सरळ केलं.

"एवढ्या वर कुणाचा पाय जाणार नाही," आत्या म्हणाली.

"तुमच्या दादांचा जाईल. ते हल्ली फार वर चढलेत, वेळापत्रकापासून."

शनिवारी मास्तर आले. केस पांढरे झाले होते, बूट तेच चकचकीत. बसता बसता म्हणाले, "तो क्लिनिकवाला म्हणत होता, यंत्र धड आहे, बाई धड नाहीत."

"अर्धं खरं बोलला," आत्या म्हणाली. "कुठलं अर्धं ते दोन तासांत बघा."

सहा मापांचे कोट. बाह्या, पाठी, गळपट्ट्या पडद्यावर किड्यामुंग्यांसारख्या सरकत होत्या, एकमेकींच्या कुशीत शिरत होत्या. तासाभराने मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. आत्याने बघितलं नाही. दारात दादा उगाचच वर्तमानपत्राचं तेच पान धरून उभा होता. एक तास चाळीस मिनिटांनी मांडणी थांबली. मास्तरांनी खिशातून आपली कागदावरची मांडणी काढली, ताडून बघितली, पुन्हा ताडून बघितली. त्यांच्या मांडणीपेक्षा दर थराला हातभर कापड वाचत होतं.

"बंद का पडत होतं मग?" त्यांनी विचारलं.

वहिनी कप घेऊन येत होती ती दारातच थांबली.

"हवा अडली होती," आत्या म्हणाली. "मी खाली वाकून बघायला विसरले."

"एवढंच?"

"एवढंच. तेवढं शोधायला तीन आठवडे लागले."

वहिनीने कप ठेवले. मास्तर चहा पिता पिता म्हणाले, "काम तुम्हाला. पण एक आहे. आमच्याकडून तयार यंत्र पाठवतो, कंपनीचं. कंपनीचं सील असतं, कुणी उघडायचं नाही. बिघडलं की त्यांचा माणूस येतो. हे घरचं आम्हाला धोक्याचं वाटतं. उद्या पुन्हा बंद पडलं तर?"

"पडेल," आत्या म्हणाली. "बंद पडणार नाही असं यंत्र मी बत्तीस वर्षांत बघितलं नाही. बंद पडलं की मी उघडीन. तुमचं सीलवालं बंद पडलं की तुम्ही फोन कराल आणि वाट बघत बसाल, आणि कोट मे महिन्यात निघतील. जे मला उघडता येत नाही त्यावर मी काम करत नाही, मास्तर. हे यंत्र चालत असेल तर काम द्या. नाही तर कंपनीला द्या."

दादाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. वहिनीचे ओठ हलत होते. ती काय मागत होती ते तिच्या वहीतच कळेल. मास्तरांनी पेटीकडे बघितलं, झाकणाच्या चाळीस भोकांकडे बघितलं, आणि मग खाली वाकून, मान वाकडी करून, पायठाणाच्या जाळीखाली बघितलं. तिथे मोकळी फरशी होती.

"सोमवारी मापं पाठवतो," ते म्हणाले.

दारापर्यंत सोडायला आत्या गेली. तिने पाच वर्षं घोकलेलं तिथे काढलं. "मास्तर, तुमचं एक वाक्य माझ्याकडे पडून आहे. ते परत घेऊन जा."

"कुठलं वाक्य?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आत्याने त्यांच्या चेहऱ्यावर नीट शोधलं, जसं यंत्राच्या पोटात शोधतात तसं, आणि तिथे काही नव्हतं. ज्या वाक्याला उत्तर द्यायला तिने एवढा खटाटोप केला, ते बोलणाऱ्याच्या लेखी तेव्हाच वाऱ्यावर गेलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "घड्याळ मात्र चालतंय."

ती आत आली. तीन वाजत आले होते. वहिनीने फळीवरून आसन काढून पसरलं आणि दिवा लावला. आत्याने पुढची मांडणी लावली, खिशातला पाना टेबलावर ठेवला आणि खुर्ची आवाज न करता पुढे ओढली.